क्लब पाठीशी आहे

पोलीस येण्याआधी क्लब आला.

मी मागच्या अंगणात तोंडलीच्या मांडवाखाली होते. पुढे मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला म्हणून हात पुसत बाहेर आले, तर ओट्यावर क्लबचा अध्यक्ष उभा होता आणि त्याच्या मागे कमिटीतले दोघे. अध्यक्ष माझा विद्यार्थी. गावच्या मराठी शाळेत माझ्या हाताखाली शिकला. आता त्याचा मंडप-डेकोरेशनचा मोठा धंदा आहे, चार ठिकाणी त्याचा शब्द चालतो, तरी माझ्या घरात येताना चपला काढतो. त्या दिवशीही काढल्या.

"टीचर, बसा," तो मला म्हणाला. माझ्याच घरात.

मी बसले.

"एक लहानशी भानगड झाली आहे. घाबरू नका. क्लब पाठीशी आहे."

भानगड काय ते त्याच्या तोंडून लवकर निघेना. मुलींच्या फुटबॉल संघात नालासोपाऱ्याहून एक मुलगी खेळायला येते, लेफ्ट विंगला असते ती, तिने माझ्या मुलाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. कसली, असं मी विचारलं. तो खाली फरशीकडे बघत म्हणाला, "जबरदस्तीची." आणि लगेच पुढे, "संध्याकाळपर्यंत त्याला न्यायला येतील. पोलीस ठाण्यात आपला माणूस आहे, त्याने आधीच फोन केला. वकील ठरवला आहे. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा, मंगळवारी संध्याकाळी तो रोझरीला घरी होता."

मंगळवारी तो रोझरीला घरी नव्हता. आमच्याकडे दिवेलागणीला रोझरीची प्रार्थना होते, मग जेवण. त्या दिवशी मी आणि माझे मिस्टर, दोघांनीच केली. मुलगा आला तेव्हा आमची जेवणं उरकून मी स्वयंपाकघर आवरत होते. जेवायला वाढू का विचारलं तर नको म्हणाला आणि न्हाणीत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तो हातात पिळलेली जर्सी घेऊन. चोवीस वर्षांचा झाला, पण स्वतःची जर्सी त्याने कधी धुतलेली मी पाहिली नव्हती. मी हसून म्हटलंसुद्धा, "आज सूर्य कुठे उगवला होता?" त्याने ती दोरीवर टाकली आणि खोलीत गेला.

यातलं काहीच मी अध्यक्षाला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तो घरी नव्हता रे."

"टीचर, तुम्ही आई आहात," तो म्हणाला.

माझे मिस्टर तोवर येऊन दाराच्या चौकटीला टेकले होते. ते म्हणाले, "होता घरी. हिला आठवत नाही. वय झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अध्यक्षाकडे बघत होते.

क्लब आमच्याकडे काय असतो हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाड्यांची, भाजीच्या मळ्यांची आमची गावं. वाड्या गेल्या, बंगले आले, पण चर्चशेजारचं वाळूचं मैदान तेवढं तसंच राहिलं. पोरगं चालायला लागलं की बाप त्याला तिथे नेऊन सोडतो. माझे मिस्टर क्लबच्या पहिल्या संघाचे गोलकीपर. आमच्या लग्नात बँडच्या पुढे सगळा संघ चालला होता. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून क्लबची खोली हेच त्यांचं दुसरं घर. जाळ्या शिवायच्या, मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या, चेंडूंत हवा भरायची. त्या खोलीच्या तीन किल्ल्या. एक अध्यक्षाकडे, एक मिस्टरांकडे आणि एक कॅप्टनकडे. कॅप्टन म्हणजे माझा मुलगा.

त्याचा खेळ मी खोटा म्हणणार नाही. त्याच्या पायात चेंडू आला की मैदानाच्या कडेला बसलेले म्हातारे उठून उभे राहायचे. मुंबईच्या एका संघाने त्याला बोलावलं होतं, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल अशी बोलणी चालली होती. बाजारात गेले की कोळणी मला कॅप्टनची आई म्हणून पापलेट बाजूला काढून द्यायच्या. मला ते आवडायचं.

मुलींचा संघ अलीकडचा. क्लबच्या जर्सीवर एका बिल्डरचं नाव असतं. मुलींचा संघ असला की फोटो छापून येतात, असं त्यानेच सुचवलं म्हणे. गावातल्या काही मुली आल्या, थोड्या बाहेरच्या. ही त्यांतली. उंच, काटक, दुसऱ्या वर्षाला कॉमर्सला शिकणारी. वडील वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. सराव संपला की सगळ्या मुली आमच्या अंगणात पाणी प्यायला यायच्या. आमच्या जामाच्या झाडाला इतके जाम लागतात की खाली सडा पडतो. बाकीच्या मुली सरळ उचलून खायच्या. ही दर वेळी विचारायची, "काकी, एक जाम घेऊ?" मी म्हणायचे, "अगं, विचारतेस काय?" तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारायचीच.

क्लबचे लोक गेल्यावर मी मुलाच्या खोलीत गेले. तो पलंगावर फोन हातात धरून बसला होता.

"तू त्या मुलीला मंगळवारी भेटलास का?"

"मम्मी, मी तिला बाइकवरून स्टेशनला सोडलं. बस्स."

"अध्यक्ष म्हणतो, तू घरी होतास."

"वकिलाने तसं सांगायला सांगितलंय."

"मग सोडलंस की घरी होतास?"

"आता तू पण सुरू केलंस?" तो भिंतीकडे वळला. तिकडेच बघत म्हणाला, "ती काय लहान आहे का? खोलीत आली ती स्वतःच्या पायांनी आली."

मी क्लबच्या खोलीचं नावही काढलं नव्हतं.

खोलीतून बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. पोलीस आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानेही नाही. जीपमध्ये बसण्याआधी त्याने वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे मिस्टर चहा न घेताच बाहेर पडले. दुपारी आले तेव्हा त्यांच्या मनगटावर आणि चष्म्याच्या काडीवर पांढरे ठिपके होते. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "क्लबच्या खोलीला रंग काढला. वर्षभर राहिलं होतं काम."

"आजच?"

"सणाच्या आधी करायचंच होतं."

"सामान कुणी काढलं बाहेर?"

"मीच. जाळ्या, सरावाचे कोन, जुने चेंडू. दुसरं काय असणार?"

पोलीस पंचनाम्याला पोहोचले तेव्हा भिंती ओल्या होत्या. फरशीही घासून धुतलेली होती. सण अजून लांब होता. गावात कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मुलगा कोठडीत असतानाच अध्यक्ष पुन्हा आला. या वेळी त्याच्याकडे योजना होती. "टीचर, बायका बायका बोलल्या की गोष्टी मिटतात. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन या. त्यांना काय हवं ते विचारा. तुमच्यासारख्या बाईंना कोण नाही म्हणेल?"

मी हो म्हटलं. मिटवायचं माझ्या मनात नव्हतं. मला ती मुलगी बघायची होती, आणि तिचं घर मला माहीत नव्हतं, त्याला होतं.

त्याच्या गाडीतून आम्ही नालासोपारा पूर्वेला गेलो. वाटेत त्याने फळं घेतली. गाडी नाक्यावर उभी करून म्हणाला, "मी इथेच थांबतो. मला बघून उगाच बिघडेल." एकाला एक चिकटलेल्या इमारती, जिन्यात दिवा नाही, मजल्यामजल्यावर कपडे वाळत घातलेले. दार उघडंच होतं. मुलीची आई जमिनीवर बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवत होती, भोवती ताटांतून रंगीत मणी पसरलेले. मला तिने कधी पाहिलं नव्हतं. मी कोण ते सांगितलं, तेव्हा तिचा हात थांबला.

"मिटवायला आलात?"

"पाठवलं त्यासाठीच आहे," मी म्हटलं. "पण मी तिला बघायला आले."

"मग बघा," ती म्हणाली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

मुलगी खिडकीशी बसली होती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ती उठली नाही. मी तिच्यासमोर खाली बसले.

"काकी, क्लबने काय विचारलंय?"

"काहीच विचारलं नाही."

"तेच ना." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी रोज वाट बघते. कोच सर फोन करतील, अध्यक्ष करतील. काय झालं, एवढं तरी विचारतील. कुणी नाही. एक फोन आला तो वकिलाचा. तोही पप्पांना."

मी तिला म्हटलं, "तू सांगणार असलीस तर मी ऐकते." तिने मान हलवली. म्हणाली, "तुम्हाला नको. तुम्ही त्याच्या आई आहात."

तिची आई मध्येच म्हणाली, "पोरीला चड्डी घालून खेळायला पाठवते म्हणून मी गावाकडच्या लोकांची बोलणी खाल्लीत, ताई. मी त्यांना सांगायचे, चर्चजवळचं मैदान आहे, बाजूला वस्ती आहे, शिकलेली माणसं आहेत. तिथे काही होणार नाही."

मी उठले तेव्हा मुलगी म्हणाली, "काकी, माझी बॅग त्या खोलीत राहिली. बूटसुद्धा. नवीन होते. पोलीस म्हणतात खोलीत काहीच मिळालं नाही."

"मी विचारते घरी," मी म्हटलं. खोलीतलं सामान कुणी काढलं होतं ते मला ठाऊक होतं.

फळांची पिशवी मी तशीच खाली घेऊन आले. अध्यक्षाने ती पाहिली आणि समजायचं ते समजला. तरी विचारलं, "काय म्हणाली?"

"तिच्या बुटांचं विचारत होती."

"बूट?" त्याचा चेहरा खुलला. "मग नवीन घेऊन देऊ की, टीचर. चांगल्यातले."

त्याला मी लिहायला-वाचायला शिकवलं होतं. परतीच्या वाटेत तो सबंध रस्ता फोनवर कुणाकुणाला सांगत होता की बोलणी चांगली झाली.

घरी आल्यावर मी मिस्टरांना विचारलं, "त्या खोलीत एक बॅग होती. मुलीचे बूट होते. कुठे आहेत?"

ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "जुनंपानं सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं."

"नवे बूट होते ते."

"मला काय माहीत कुणाचे?"

त्यानंतर मी कुणाची वाट पाहिली नाही. रिक्षा केली आणि पोलीस ठाण्यात गेले. तपास एका बाई अधिकाऱ्याकडे होता, माझ्या मुलाहून थोडी मोठी असेल. तिने आधी विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?" मी म्हटलं, कुणी नाही. मग मी जे होतं ते सांगितलं. तो रोझरीला घरी नव्हता. आला तेव्हा त्याने स्वतःची जर्सी धुतली. तो मला काय काय म्हणाला. खोलीला रंग द्यायचं आधी ठरलं नव्हतं, निदान माझ्या घरात तसं कधी बोलणं झालं नव्हतं. तिने सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मी सही केली. त्याच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावरही मीच सही केली होती.

ठाण्यातली बातमी माझ्याआधी गावात पोहोचली. मी फाटक उघडलं तर मिस्टर ओट्यावर उभे.

"पोटच्या पोराविरुद्ध?"

"मी विरुद्ध काही सांगितलं नाही. काय झालं ते सांगितलं."

"माझं नाव घेतलंस?"

"रंगाचं सांगितलं."

ते आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी आपलं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं. मी वाढलेलं जेवायचे, चहा प्यायचे, पण बोलणं बंद. काही लागलं तर भिंतीला सांगावं तसं सांगायचे: मीठ कमी आहे, गॅस संपत आला.

चर्चमध्येही तसंच. मी बरीच वर्षं कॉयरमध्ये गायले. सरावाची वेळ बदलली ते मला कुणी कळवलं नाही. मी गेले तर दाराला कुलूप. एका रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं की दुसऱ्याचा न्याय करणारे आपण कोण. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, पण पुढच्या बाकांवरून मागे वळलेल्या माना मी पाहिल्या. मी मिस्सा पूर्ण ऐकली, कम्युनियनचा प्रसाद घेतला आणि मगच निघाले.

मुलाला जामीन मिळाला तेव्हा गावाने फटाके लावले. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे क्लबमधल्या शिकलेल्या माणसांना ठाऊक नव्हतं असं नाही. नाक्यावर त्याचा मोठा बॅनर लागला. हात छातीवर बांधून उभा, मागे आकाश निळं. खाली लिहिलं होतं, 'सत्याचा विजय होणारच. कॅप्टन, क्लब तुझ्या पाठीशी आहे.' भाजीला, दुधाला, बँकेत, कुठेही जायचं तर त्याच्या खालून जावं लागायचं. तो स्वतः घरी आला नाही. थोरल्या दिरांकडे उतरला आणि तिथेच राहिला.

क्लबने गावच्या ग्रुपवर निवेदन टाकलं. गुन्हा शाबीत होईपर्यंत प्रत्येक माणूस निर्दोष असतो, कायद्यावर क्लबचा विश्वास आहे, खेळाडूच्या भवितव्याशी कुणी खेळू नये, कुटुंबाच्या भावनांचा आदर ठेवावा. शेवटचं वाक्य वाचून मला प्रश्न पडला की यातलं कुटुंब म्हणजे कोण, कारण मला तर कुणी विचारलं नव्हतं. मुलीविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. दुसरं निवेदन थोड्या दिवसांनी आलं, ते दोनच ओळींचं. मुलींच्या सुरक्षिततेचा विचार करून मुलींचा संघ तूर्त बंद करण्यात येत आहे. आमच्या शेजारची एक मुलगी अध्यक्षाला जाऊन भेटली, आमचा सराव का बंद, म्हणाली. तो तिला म्हणाला, "बघतेस ना दिवस कसे आलेत ते." ती मला हे सांगत होती आणि तिला रडू येत होतं. मैदान माझ्या मुलाला खुलं होतं.

मे महिन्याच्या स्पर्धेत तो खेळला. आमच्या स्वयंपाकघरातून मैदानावरचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो. अंतिम सामना होता. समालोचक त्याचं नाव लांबवून लांबवून घेत होता आणि लोक ओरडत होते. गोल झाला तो मला आवाजावरूनच कळला. क्षणभर माझी छाती भरून आली, हे मी लपवणार नाही. इतक्या वर्षांची सवय. मग नालासोपाऱ्याची ती खिडकी आठवली. गॅस बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. तिथेही ऐकू येतच होतं.

सामन्यानंतर त्याला खांद्यावर घेऊन नाचवल्याचा व्हिडिओ कुणीतरी पसरवला, त्याला जोडून तक्रारीची बातमी. हा हा म्हणता तो सगळीकडे गेला. एका वाहिनीची गाडी मैदानाच्या दाराशी येऊन उभी राहिली. जर्सीवर ज्याचं नाव होतं त्या बिल्डरने कळवलं की असंच चालणार असेल तर पुढच्या हंगामापासून आमचं नाव नको.

त्याच संध्याकाळी बॅनर उतरला. दुसऱ्या दिवशी क्लबची बैठक झाली आणि माझ्या मुलाला काढून टाकलं. नुसतं काढलं नाही. क्लबच्या व्हरांड्यात विजेत्या संघांचे फोटो लावलेले आहेत, त्यांतले जेवढे त्याच्या काळातले होते तेवढे सगळे उतरवले. मुंबईचा संघ, कोट्यातली नोकरी, सगळं तिथेच थांबलं. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं त्यांनी त्याचे फोन उचलणं बंद केलं.

अध्यक्ष घरी आला, चपला काढून. आवाजात समाधान होतं. "टीचर, तुमच्या मनासारखं झालं."

"माझ्या मनात काय होतं, तुला काय ठाऊक?"

"तुम्ही पहिल्यापासून कडक भूमिका घेतलीत. आम्हाला जरा उशिरा पटलं."

"तुम्हाला काय पटलं? तो दोषी आहे, हे पटलं?"

"तसं नाही, ते कोर्ट ठरवेल," तो गडबडला. "पण क्लबच्या प्रतिमेचा प्रश्न होता."

"त्या मुलीकडे जाऊन आलास?"

"टीचर, आता तिकडे जाणं बरं दिसणार नाही."

मी त्याला विचारलं, तक्रार झाली त्या दिवशीच माझ्या मुलाला बाजूला बसवलं असतंत, खोलीला कुलूप घालून किल्ली पोलिसांना दिली असतीत, तिला एक फोन केला असतात, तर क्लबचं काय बिघडलं असतं? तो लहानपणी फळ्यासमोर उभा राहायचा तसा उभा राहिला. पण आता तो लहान नव्हता, त्याला उत्तर येत होतं, आणि म्हणूनच तो ते देत नव्हता.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी मुलगा एकदा घरी आला, कपडे न्यायला. विरारला मित्राच्या फ्लॅटवर राहत होता, कुठल्याशा गोदामात काम धरलं होतं. वाळला होता. मी जेवायला वाढलं, तो जेवला. हात धुऊन म्हणाला, "क्लबने सोडलं ते मी समजू शकतो. त्यांना क्लब चालवायचाय. पण सगळ्यांत आधी तू सोडलंस."

"मी तुला सोडलं नाही. खोटं बोलले नाही."

"तेच ते."

"मग आता तू खरं सांग. मला सांग. मी इथेच बसले आहे."

मला वाटलं, बोलेल. त्याने बॅगेची चेन ओढली आणि उठला. त्याला फाटकापर्यंत सोडायला मिस्टर गेले. दोघे तिथे हळू आवाजात काही बोलले, मिस्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी दारातून बघत होते. मलाही तसा हात फिरवायचा होता.

या वर्षी क्लबने मुलींचा संघ पुन्हा सुरू केला. जर्सीवर नाव दुसऱ्या कुणाचं. अध्यक्ष उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन माझ्याकडेच आला. "टीचर, तुम्हीच शोभता. तुम्ही त्या वेळी स्त्रियांच्या बाजूने उभ्या राहिलात, लोक नाव काढतात. तुम्ही असलात की पालकांनाही विश्वास वाटेल. खोलीला आता कॅमेरा लावला आहे."

"तिला बोलावलं आहेस का?"

"कुणाला?"

मी आमंत्रण त्याच्याकडे परत सरकवलं.

"टीचर, ते प्रकरण कोर्टात आहे," तो म्हणाला. "त्यावर क्लबला काही बोलता येत नाही."

मी गेले नाही. उद्घाटन दुसऱ्या कुणी केलं. मुली खेळताहेत, ते बरंच आहे. सराव संपल्यावर त्यांना आता थेट पालक घेऊन जातात. आमच्या अंगणात पाणी प्यायला कुणी येत नाही.

ती मुलगी आता खेळत नाही. ऐकलं की कॉलेज पूर्ण केलं आणि नोकरी करते. कुठे, ते मी विचारत नाही. मला तो अधिकार नाही. वसईच्या कोर्टात तारखा पडत राहतात. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आमचा वकील हजर नाही. आमचा म्हणजे मुलाचा. क्लबने दिलेला वकील तर कधीच सोडून गेला, आता मिस्टर स्वतः दुसऱ्याकडे खेपा घालतात.

गेल्या आठवड्यात माझ्या नावाचं समन्स आलं. साक्षीला बोलावलं आहे, सरकार पक्षाकडून. पोलीस शिपाई देऊन गेला तेव्हा मिस्टर ओट्यावरच बसले होते. त्यांनीच ते आधी वाचलं आणि टेबलावर ठेवलं. रात्री जेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय सांगणार आहेस?"

"तेच. जे झालं ते."

"रंगाचं?"

"विचारलं तर तेही."

ते जेवत राहिले. मी भात वाढला, कालवण वाढलं. ताट उचलून मोरीकडे जाताना ते थांबले.

"कोर्टात जायला रिक्षा सांगून ठेवू, की बसने जाशील?"

मी म्हटलं, "बसने जाईन."